‘ड्रेन किती?’ : थायरॉइडच्या सर्जन मंडळींना एका वॉर्ड सिस्टरचं खुलं पत्र

प्रति,
शल्यचिकित्सा आणि कान-नाक-घसा विभागांचे प्रमुख, थायरॉइडच्या शस्त्रक्रिया करणारे सर्व सर्जन आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे निवासी डॉक्टर यांस,

सर, मॅडम,

सकाळच्या राउंडला आपण थायरॉइडच्या पेशंटच्या पलंगाशी येता, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘ड्रेन किती?’ जखमेत ठेवलेल्या नळीतून डब्यात किती मिली रक्त-पाणी उतरलं, तो आकडा मी चार्ट बघून सांगते. आकडा लहान असला की आपण मान डोलावता, नळी काढायला सांगता आणि पुढच्या पलंगाकडे वळता. आकडा मोठा असला की म्हणता, ‘अजून एक दिवस राहू दे.’ सव्वीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर देत आले आहे. आज मला उलटा प्रश्न विचारायचा आहे. ही नळी तिथे असते कशासाठी?

मी डॉक्टर नाही. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आपल्या हातांना काय दिसतं, किती घाम फुटतो, हे मी दुरूनच पाहिलं आहे. पण टाके घालून पेशंट वॉर्डात आला की पुढचे चोवीस तास तो आमच्या नजरेखाली असतो. नळी आम्ही सांभाळतो, मोजतो, रिकामी करतो, काढतो. तिने काय केलं आणि काय केलं नाही, हे आमच्याइतकं जवळून कोणी बघत नाही. म्हणून माझं मागणं आधीच स्पष्ट सांगते. साध्या, सरळ झालेल्या थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर केवळ रिवाज म्हणून नळी घालणं थांबवा. आणि तिच्यावर जो भरवसा टाकत होता तो पहिल्या दिवसाच्या पहाऱ्यावर टाका. त्या पहाऱ्याला लागणारी साधनं आणि अधिकार आम्हाला द्या.

आधी नळीबद्दल. ‘नळी काय, एक दिवसाचा तर प्रश्न,’ असं आपल्याला वाटत असेल, कारण आपण ती घालता तेव्हा पेशंट भुलीत असतो आणि काढायची वेळ येते तेव्हा बहुतेकदा आपण ओटीत असता. जखमेच्या शेजारी, कातडीला वेगळं भोक पाडून ती बाहेर आणलेली असते. रेशमी टाक्याने बांधलेली असते. खाली दाबून बसवलेला डबा, जो हळूहळू फुलत शोषत राहतो. गळ्याची कातडी पातळ आणि सतत हलणारी. गिळलं की नळी ओढते, मान वळवली की ओढते, खोकला आला की पेशंटचा हात आधी नळीकडे जातो. रात्री कूस बदलताना डबा अंगाखाली जाईल या धास्तीने माणसं सरळसोट पडून राहतात. एका पेशंटने डबा उशीच्या खोळीत लपवला होता. लहान मुलगा भेटायला येणार होता आणि आईच्या गळ्यातून निघालेलं रक्त त्याच्या नजरेला पडू नये, एवढीच तिची इच्छा होती.

मग काढण्याचा क्षण. मी शोषण बंद करते, टाका कापते, म्हणते, ‘मोठा श्वास घ्या आणि सोडा.’ सोडता सोडता नळी ओढून घेते. दोन-तीन सेकंदांचं काम. पण आतून काहीतरी सरकत येतंय ही जाणीव लोक विसरत नाहीत. टाक्यांबद्दल क्वचितच कोणी तक्रार करतं. ‘ती नळी काढली ना, तेव्हा...’ असं मात्र फॉलोअपला आलेले लोक महिन्यांनंतरही सांगतात. मुख्य जखम मानेच्या घडीत इतकी सुंदर बसते की वर्षभराने शोधावी लागते, आणि तिच्या बाजूला नळीच्या भोकाचा ठिपका तसाच राहतो. आपण टाके इतक्या नजाकतीने घालता. त्याच्या शेजारी तो ठिपका पाहून मला वाईट वाटतं.

हे सगळं सोसायला लावणं योग्यच ठरलं असतं, जर नळीने जीव वाचत असता. माझी सगळी तक्रार इथेच आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची एक रात्र सांगते. रुग्णालय कोणतं, डॉक्टर कोण, हे सांगणार नाही. त्याने काही साधणार नाही, आणि चूक एकट्या कोणाची नव्हती. चाळिशीतल्या बाई, गलगंडासाठी पूर्ण थायरॉइड काढलेला. दुपारी तीनला वॉर्डात आल्या. संध्याकाळपर्यंत सगळं छान. आठ वाजता डब्यात चाळीस मिली होतं. नऊ वाजताही चाळीसच. मी चार्टवर चाळीसच्या खाली चाळीस लिहिलं आणि मला बरं वाटलं.

सव्वानऊला बाई म्हणाल्या, ‘सिस्टर, मला जरा बसवा. झोपलं की कसंतरी होतंय.’ बसवलं. पाणी मागितलं. घोट घेतला आणि तोंडातच धरून राहिल्या, मग रुमालात सोडला. नाडी एकशेबारा. बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव दाखवत होतं. मी ड्युटी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, ‘ड्रेन किती?’ मी म्हणाले, ‘चाळीस. तासाभरात वाढला नाही.’ ‘मग ब्लीड नसणार. घाबरल्या असतील. बघत राहा.’ आणि मीही त्या उत्तरावर विसंबले. डब्याने सांगितलं होतं ना, सगळं ठीक आहे म्हणून.

वीस मिनिटं गेली. बाई आता पलंगाची कड धरून पुढे वाकल्या होत्या. प्रत्येक श्वास आत घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मी गळ्यावरचं जाड ड्रेसिंग उचललं. डाव्या बाजूला कातडी ताणून चकाकत होती, बोटाला दगडासारखी लागत होती. शेजारच्या वॉर्डातले सीनियर निवासी डॉक्टर धावत आले. त्यांनी ओटीची वाट पाहिली नाही. तिथेच, पलंगावर, टाके कापले, स्नायूंचा थर उघडला आणि बोटाने काळपट, काळजाच्या तुकड्यासारखी गुठळी बाहेर काढली. बाईंनी श्वास घेतला. तो श्वास मला आजही ऐकू येतो. पुढे ओटीत ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळची एक छोटी धमनी सापडली आणि बांधली गेली. बाई पाचव्या दिवशी चालत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर्जननी मला ती काढलेली नळी दाखवली. तिची सगळी छिद्रं गुठळीने बुजली होती. आठ वाजल्यापासून ती बंदच होती. आकडा वाढत नव्हता, कारण रक्ताला बाहेर यायला वाट नव्हती.

त्यानंतर मी विचारत गेले, वाचत गेले. जे समजलं ते आपल्याला माहीत आहेच, तरी माझ्या शब्दांत मांडते, कारण ड्युटीवर नव्याने येणाऱ्या मुलींना मी हेच सांगते. गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनलिकेभोवती जी बंद जागा आहे, ती फार लहान. पोटात अर्धा लिटर रक्त साठलं तरी काही काळ निभावतं, इथे त्याच्या एका अंशानेही घात होतो. पुष्कळांना वाटतं की साठलेलं रक्त श्वासनलिका दाबून बंद करतं. दाब पडतोच, पण श्वासनलिकेच्या कूर्चा बऱ्यापैकी कणखर असतात. त्याआधीच शिरांचा आणि लसिकावाहिन्यांचा (शरीरातला पाणीसर द्रव परत नेणाऱ्या बारीक वाहिन्यांचा) परतीचा मार्ग तुंबतो, आणि स्वरयंत्राचं अस्तर सुजत जातं. वाट आतून अरुंद होत जाते. म्हणूनच जितका वेळ जाईल तितकं घशातून श्वासाची नळी टाकणं अवघड होत जातं, आणि म्हणूनच आधी गळा उघडून दाब मोकळा करावा लागतो.

या सगळ्यात शोषणाच्या नळीचं काय चालतं? हळूहळू पाझरणारं पाणीसर रक्त ती ओढते. पण त्या पाझरण्याने कोणी गुदमरत नाही. धमनी सुटली तर रक्त भसाभस येतं, गोठतं, आणि पेन्सिलीहून बारीक नळीच्या छिद्रांत गुठळी अडकायला वेळ लागत नाही. ज्या संकटासाठी तिला ठेवलेलं असतं, नेमकं तेच संकट तिला बंद पाडतं. कधी कधी डबा भराभर भरतो आणि आम्ही सावध होतो, हेही खरं आहे. भरलेला डबा धोका सांगतो, यावर माझा वाद नाही. पण रिकामा डबा काहीच सांगत नाही, आणि आपण सगळे, मीसुद्धा, रिकाम्या डब्यावरच निर्धास्त होतो.

आता पुराव्याकडे. एका तरुण निवासी डॉक्टरने मला हे कागद आणून दिले होते आणि बसून समजावलं होतं, त्याचे उपकार मानते. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था. थायरॉइडनंतरच्या नळीवरचा तिचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३ चाचण्या आणि एकूण १,६४६ रुग्ण होते. त्यांपैकी ११ चाचण्यांनी नळी घातलेले आणि न घातलेले रुग्ण यांची तुलना केली होती. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण, श्वासाचा त्रास, जखमेतला जंतुसंसर्ग, यांत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. सुईने उपसावे लागणारे साठे सगळ्या चाचण्या मिळून पाहता नळीवाल्या गटात कमी दिसले, पण फक्त चांगल्या दर्जाच्या चाचण्या घेतल्या तेव्हा तोही फरक टिकला नाही. एक फरक मात्र ठळक होता. नळी घातलेले लोक रुग्णालयात सरासरी एक दिवसाहून थोडे अधिकच राहिले.

त्याच कागदांत मला आणखी एक गोष्ट आवडली. काही अभ्यासकांनी शस्त्रक्रियेनंतर सोनोग्राफी करून गळ्यात किती द्रव साठला ते मोजलं. नळी असलेल्यांत आणि नसलेल्यांत म्हणण्यासारखा फरक मिळाला नाही. म्हणजे आम्ही ज्याला ‘बाहेर काढलं’ म्हणून चार्टवर लिहितो, त्यातलं बरंचसं शरीराने आपणच जिरवलं असतं.

हा आढावा येऊन किती वर्षं झाली! नंतरच्या चाचण्यांचा कौलही त्याच दिशेचा आहे. जगात पुष्कळ ठिकाणी नेहमीच्या थायरॉइडला नळी घालणं कधीच मागे पडलं, असेही सर्जन मला भेटले आहेत ज्यांनी वर्षानुवर्षं ती हातात घेतलेली नाही. मग इतर अनेक वॉर्डांत ती का टिकून आहे?

मला वाटतं, एका छोट्या वाक्यामुळे. ओटीत टाके घालायच्या आधी तरुण डॉक्टर विचारतो, ‘सर, ड्रेन?’ आणि उत्तर येतं, ‘घाल, काय जातं?’ हे वाक्य मी ओटीच्या दारात उभी राहून किती वेळा ऐकलं असेल! काय जातं ते वर लिहिलंच आहे. पण त्या ‘काय जातं’च्या मागे जी भीती आहे तीही मला कळते. रात्री काही झालं तर उद्या विचारतील, नळी का नव्हती घातली? घातली असेल तर निदान असं म्हणता येतं की आम्ही काळजी घेतली होती. ही भीती माणसाची आहे, तिला मी नावं ठेवत नाही. फक्त एवढंच म्हणते की त्या भीतीचं ओझं पेशंटच्या गळ्याला टाक्याने बांधू नका.

सवय जुनी आहे, हेही खरं. ‘शंका असेल तर ड्रेन घाला,’ हे वचन एकोणिसाव्या शतकातल्या लॉसन टेट या ब्रिटिश सर्जनच्या नावावर सांगितलं जातं. ते पोटाच्या शस्त्रक्रिया करत, आणि त्या काळी पोटात पू होणं ही रोजची गोष्ट होती. गळ्यातल्या स्वच्छ जखमेला ते वचन कसं काय चिकटलं कोण जाणे. उलट थायरॉइडचा इतिहास वेगळंच सांगतो. त्या काळी गलगंडाची शस्त्रक्रिया म्हणजे रक्ताचा लोंढा, सर्जन तिला हात लावायला धजत नसत. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांनी हजारो शस्त्रक्रिया करत करत मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आणलं. थायरॉइडवरच्या कामासाठी त्यांना १९०९ चं नोबेल मिळालं. त्यांच्या यशाचं कारण म्हणून आजही सांगतात ते म्हणजे निर्जंतुक काम, आणि संथपणे, एकेक रक्तवाहिनी पकडून बांधत केलेली कोरडी शस्त्रक्रिया. ज्यांच्या नावाचा चिमटा रोज ट्रेमध्ये मांडते, त्यांच्याबद्दल हे कळलं तेव्हा त्या चिमट्याकडे मी निराळ्याच नजरेने पाहू लागले.

रक्त थांबवण्याची जागा ओटी आहे. टाके घालण्याआधी काही सर्जन दोन मिनिटं थांबतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगून फुप्फुसांत दाब वाढवतात, कधी टेबलाचं डोकं खाली करतात, म्हणजे शिरा भरून येतात आणि कुठे पाझर असेल तर दिसतो. रक्तदाब नेहमीच्या पातळीवर आला आहे ना ते विचारतात. मधल्या रेषेत स्नायू शिवताना खालच्या बाजूला थोडी फट ठेवतात. भूल उतरताना पेशंटला खोकल्याची उबळ येऊ नये म्हणून भूलतज्ज्ञ जपतात. अशा टेबलावरून आलेला पेशंट ताब्यात घेताना मला नळीची उणीव कधी भासली नाही. आणि घाईघाईने ‘ड्रेन आहे ना’ म्हणत शिवलेल्या जखमेची नळी मला कधी आधार वाटली नाही.

नळी कधीच नको, असं मी म्हणत नाही. कॉक्रेनच्या त्या आढाव्यातले रुग्णही ठरावीक होते. गाठ छातीत उतरलेली नव्हती, रक्त गोठण्याच्या तपासण्या ठीक होत्या, मानेच्या बाजूच्या लसिकाग्रंथी काढलेल्या नव्हत्या. याबाहेरचे पेशंट वेगळे. छातीत उतरलेला मोठा गलगंड काढल्यावर मागे मोठी पोकळी राहते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असलेले काही लोक असतात. कॅन्सरसाठी मानेच्या बाजूच्या लसिकाग्रंथी काढल्या असतील तर नळी लागतेच, आणि तिथे तिचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. एकदा अशाच पेशंटने दुसऱ्या दिवशी नेहमीचं जेवण सुरू केलं, आणि संध्याकाळी डब्यातलं लालसर पाणी पांढुरकं झालं, दुधात पाणी घातल्यासारखं. डाव्या बाजूच्या मोठ्या लसिकावाहिनीतून गळती होती. स्निग्ध पदार्थ बंद केले, दाब देऊन ड्रेसिंग केलं, गळती थांबली. त्या दिवशी नळीने जे सांगितलं ते दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं. म्हणून माझा विरोध नळीला नाही, विचार न करता घातलेल्या नळीला आहे. घालायची तर शस्त्रक्रियेच्या नोंदीत एक ओळ लिहा: का घातली, आणि काय झालं की काढायची. कारण लिहावं लागलं तर अर्ध्या नळ्या तिथेच गळून पडतील, असं मला वाटतं.

नळी नसली तर पाणी साठेल, याची आपल्याला काळजी असते. साठतं कधी कधी. दोन-चार दिवसांनी जखमेखाली मऊ फुगवटा येतो, पेशंट घाबरून फोन करतो. बहुतेक वेळा तो आपोआप जिरतो, मोठा असेल तर बाह्यरुग्ण विभागात सुईने काढता येतो. घरी जाताना एवढं नीट समजावून सांगितलं तर माणसं हे सहज सोसतात. दुसरा मुद्दा घरी जाण्याचा. पूर्ण ग्रंथी काढली असेल तर कॅल्शियम उतरतंय का हे बघायला थांबवावं लागतं, बोटांना मुंग्या येतात, त्याची तपासणी लागते. त्यासाठी जरूर थांबवा. पण अर्धी ग्रंथी काढलेला, हिंडता-फिरता, जेवणारा माणूस फक्त तीसचे वीस मिली व्हावेत म्हणून आणखी एक रात्र पलंगावर काढतो, त्याला मी काय उत्तर देऊ?

आता माझं खरं मागणं. थायरॉइडनंतर गळ्यात रक्त साठणं दुर्मीळ आहे, शंभरात साधारण एका-दोघांना होतं. होतं तेव्हा बरंचसं पहिल्या सहा तासांत आणि बहुतेक पहिल्या चोवीस तासांत. काहींना त्यानंतरही. नळी असो वा नसो, हा धोका तेवढाच. त्यासाठी ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या, अंतःस्रावी ग्रंथींच्या सर्जनांच्या आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वाचताना मला ती रात्र पुन्हा दिसली. कोणत्या खुणा बघायच्या? गिळायला त्रास, नाडी-श्वासाच्या नोंदींची बिघडत जाणारी एकंदर पातळी, गळ्यावर सूज, अस्वस्थपणा, जलद श्वास, श्वास घेताना आवाज. माझ्या बाईंना यातलं जवळजवळ सगळं होतं. अस्वस्थपणाला तिथे धोक्याच्या खुणेची जागा दिली आहे, आणि आम्ही त्याला ‘घाबरल्या असतील’ म्हणालो होतो. ऑक्सिजनचा आकडा तर अगदी शेवटी उतरतो. त्याची वाट बघत बसलो तर उशीर झालेला असतो.

त्या सूचनांत पलंगाशी ठेवायच्या एका पेटीचा उल्लेख आहे. आत फार काही नाही: कात्री, ब्लेड, धमनी धरायचा चिमटा, क्लिपा लावल्या असतील तर त्या काढायचं साधन, निर्जंतुक गॉज. आणि काय करायचं याची पाच पायऱ्यांची चिठ्ठी. ड्रेसिंग काढून जखम उघडी करा, टाके कापा, कातडी उघडा, स्नायूंचे थर उघडा, गुठळी काढून गॉज भरा. मदतीला हाक मारतानाच हे सुरू करायचं, ओटी तयार होईपर्यंत थांबायचं नाही.

अशी पेटी प्रत्येक थायरॉइडच्या पेशंटच्या उशाशी असू द्या आणि ती पेशंटबरोबरच ओटीतून वॉर्डात, वॉर्डातून सोनोग्राफीला, जिथे जाईल तिथे जाऊ द्या. गळ्यावर जाड पट्टा गुंडाळू नका. आत काय चाललंय ते आम्हाला दिसलं पाहिजे, म्हणून लहान किंवा पारदर्शक ड्रेसिंग लावा. पहिले काही तास आम्हाला वारंवार नोंदी घेता येतील इतकं मनुष्यबळ त्या पलंगाला द्या. हे शेवटचं आपल्या एकट्याच्या हातात नाही, मला माहीत आहे. पण प्रशासनाकडे सिस्टर मागते तेव्हा फाइल फिरत राहते, आणि विभागप्रमुख मागतात तेव्हा ती सही होऊन येते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जे मागताना माझा आवाज थोडा कापतो. आम्हाला टाके कापायची लेखी परवानगी द्या. पेशंट गुदमरत असेल आणि डॉक्टर दोन मजले लांब असतील, तर हातात कात्री असून सिस्टरने वाट बघत उभं राहायचं का? त्या रात्री सीनियर डॉक्टर शेजारी होते म्हणून बाई वाचल्या. ते नसते तर मी कापले असते का? मला खात्री नाही. हात शिकलेले नव्हते आणि मनात एकच विचार होता, ‘हा माझा अधिकार नाही.’ आम्हाला शिकवा. वर्षातून दोनदा पुतळ्यावर सराव करून घ्या, तरुण डॉक्टरांबरोबर, एकत्र. त्यांनाही तो सराव तेवढाच लागतो. गळा उघडायला हात धजत नाही तो माझ्या पाहण्यात फक्त सिस्टरांचाच नाही.

शिकणाऱ्या डॉक्टरांना वेगळं दोन शब्द सांगते, वयाने मोठी म्हणून. रात्री सिस्टरचा फोन आला आणि ती म्हणाली, ‘पेशंट बरा दिसत नाही,’ तर ड्रेनचा आकडा विचारू नका. विचारा, गिळता येतंय का, आडवं झोपवतंय का, आवाज बदललाय का, गळा हाताला कसा लागतोय. आणि फोन ठेवून निघा. खाली येऊन काहीच नसेल तर मी तुम्हाला एका शब्दानेही बोलणार नाही.

आमच्या वॉर्डात नव्या विभागप्रमुखांनी यातल्या काही गोष्टी सुरू केल्या आहेत. साध्या थायरॉइडला नळी नाही, आणि कोणाला घातलीच तर नोंदीत कारण असतं. परवा अर्धी ग्रंथी काढलेले एक शिक्षक ऑपरेशनच्या संध्याकाळीच वॉर्डभर फेऱ्या मारत होते. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना जुनी नळी आठवत होती, ते सारखे विचारत होते, ‘तुमचा डबा कुठे आहे?’ शिक्षकांना प्रश्नच कळेना.

उद्याच्या यादीत दोन थायरॉइड आहेत. सात आणि आठ नंबरचे पलंग मी सिस्टरांच्या टेबलासमोर घेतले आहेत. दोन्ही पेट्या उशाशी लावल्या, कात्र्यांची धार बघितली, गॉजची तारीख तपासली. चिठ्ठीच्या खाली परवानगीची जी ओळ असायला हवी तिची जागा अजून कोरी आहे. राउंडला याल तेव्हा तेवढी सही करून द्यावी.

आपली,
शल्यचिकित्सा वॉर्डातली एक सिस्टर